सात नंबरची खुंटी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या चाळीत कोणाला विचारलंत की धोंडूकाका कुठे राहतात, तर समोरचा आधी विचारतो, "काम काय आहे? मूड बघून जा." असो. एकोणीस वर्षं मी आमच्या गावाच्या मुंबईतल्या मंडळाचा चिटणीस आहे. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकच ढळढळीत चूक झाली, आणि ती चूक एका सोमवारी सकाळी पाठीवर सॅक लावून माझ्या दारात उभी राहिली.

हे मंडळ काय प्रकरण आहे ते हल्लीच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. आमचं गाव कातळवाडी, कणकवलीपासून बरंच आत. आमच्या आजे-पणजांनी लालबागला या चाळीत तिसऱ्या मजल्यावर गावाच्या नावानं एक खोली घेतली. गावचा माणूस गिरणीत कामाला आला की थेट त्या खोलीत यायचा. भाडं नाही, फक्त वर्षाची वर्गणी. त्याला भिंतीवरची एक खुंटी मिळायची, खुंटीखाली ट्रंकेपुरती जागा मिळायची, आणि झोपायला जी चटई मोकळी असेल ती. पहिल्या पाळीचा माणूस उठून कामावर गेला की त्याच्याच चटईवर रात्रपाळीचा येऊन आडवा व्हायचा. चटई कधी थंड पडायची नाही. भिंतीवर बारा खुंट्या, सागवानी, नंबर घातलेल्या. खुंटी ज्याच्या नावावर, त्याला मुंबईत कोणी ऊठ म्हणू शकत नव्हतं.

गिरण्या गेल्या, खोली राहिली. आता तिथे पाच जण असतात. पुष्कर हॉटेलची पार्सलं घेऊन बाईकवरून हिंडतो, निलेश मॉलमध्ये सिक्युरिटीला आहे, बाकीचे तिघे असेच कुठे कुठे. सगळे सकाळी आठला बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर परत येतात. खुंट्या मात्र बाराच्या बारा जागेवर आहेत.

त्यातली सात नंबरची भिकाजी घाडीची. भिकाजी आणि मी एकाच खात्यात काम केलं, एकाच डब्यात जेवलो. गिरणी बंद पडली तेव्हा मी एका पतपेढीत शिपाई म्हणून चिकटलो, तो गावी परत गेला. पण त्यानं वर्गणी सोडली नाही. दर शिमग्याला कोणाच्या तरी हाती पाठवायचा. मी म्हणायचो, "अरे, कशाला भरतोस? तू काय परत येणार आहेस?" तर म्हणायचा, "असू दे रे. पोरांना लागली तर."

गेल्या वर्षी जानेवारीत त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. "माझं पोर सोमवारी येतंय. परळच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. सात नंबर मोकळी ठेव." भिकाजीला एक मुलगा, एक मुलगी, एवढं मला माहीत होतं. पोर नोकरीला येतंय आणि खोलीत राहणार म्हणजे मुलगाच. दुसरं काय वाटणार? मी एका शब्दात उत्तर दिलं, "पाठव." खुंटीवर पुष्करचे रेनकोट लटकत होते, ते मी त्याला शिव्या घालून काढायला लावले. पदरच्या पैशानं नवी चटईसुद्धा आणली.

सोमवारी दार वाजलं. बाहेर तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. उंच, काटकुळी, प्रवासानं डोळे सुजलेले, हातात फणसाच्या तळलेल्या गऱ्यांची पिशवी.

"धोंडूकाका ना? मी अनुजा. भिकाजी घाडींची."

"बरं, बरं. आणि भाऊ कुठाय तुझा? खाली थांबलाय?"

"भाऊ गावाक असा," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिनं शहरी मराठी धरली. "नोकरी मला लागलीय, काका. लॅबमध्ये. रक्त तपासायची."

मी तिला तिथेच दारात ठेवून गॅलरीत गेलो आणि भिकाजीला फोन लावला. "भिक्या, तू पोर म्हणालास."

"पोरच ना ती."

"मुलगी म्हणून लिहायला काय झालं होतं? बोटं झडली होती?"

तो म्हणाला, "मुलगी म्हटलं असतं तर तू पाठव म्हणाला असतास?"

मी फोन ठेवला. समोरचा बरोबर बोलला की मला जास्त राग येतो.

आमच्या मीरानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तोवर मुलीला आत घेऊन चहा दिला होता. मंडळाच्या खोलीत ऐंशी वर्षांत बाईमाणूस राहिलेलं नाही. पाच पुरुषांच्या मध्ये मुलीला कुठे झोपवणार? तेव्हा आठ दिवस ती आमच्याकडे पाहुणी म्हणून राहील आणि तेवढ्यात मी तिला जागा बघून देईन, असं मी जाहीर केलं. मीरानं माझ्याकडे पाहिलं आणि मुलीची सॅक आत नेऊन ठेवली.

त्या आठ दिवसांत मला माझीच मुंबई नव्यानं कळली. ड्यूटी सुटली की तिला घेऊन मी हिंडायचो. परळला एका जागी एका खोलीत आठ मुली, दुमजली लोखंडी पलंग, खिडकी एक आणि तीही एसीच्या खोक्यानं बुजवलेली. पलंगाचे महिन्याला बारा हजार. अनुजाच्या हातात पगार यायचा एकोणीस, त्यातले पाच गावी जायचे, आईच्या औषधाला. काळाचौकीला एक एजंट भेटला, त्यानं खोली दाखवायच्या आधीच खोली दाखवायचे पैसे मागितले. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादरला एक बाई फार सुसंस्कृत. घर चकचकीत, बोलणं गोड. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "मासे वगैरे खात नाही ना तुम्ही?" अनुजा म्हणाली, "मी कोकणातली आहे." बाई म्हणाली, "मग सॉरी हं." जिना उतरताना मी भडकलो, "माणुसकी राहिली नाही लोकांत. एवढं मोठं घर, दोन माणसं, एक पोर ठेवून घ्यायला काय जातं यांचं?" अनुजाला हसू आवरेना. मला वाटलं, माझ्या चिडण्याला हसते आहे.

सातव्या दिवशी ती म्हणाली की बदलापूरच्या पुढे परवडेल असं काही आहे, पण सकाळची पाळी सातला सुरू होते, पोचणार कशी. परत जावं लागेल बहुतेक. हे ती रडत सांगत नव्हती. भाकरी मोडता मोडता सांगत होती, आणि त्यामुळे मला जास्त लागलं. शिकून, परीक्षा देऊन, नोकरी मिळवून आलेली मुलगी निव्वळ पाठ टेकायला चार फूट जागा नाही म्हणून परत जाणार.

आठव्या दिवशी सकाळी तिनंच मला विचारलं, "काका, खोलीत दिवसा कोण असतं?"

"कोण असणार? कुलूप असतं."

"मग मी कायमची रात्रपाळी मागून घेते. रात्रपाळी कोणालाच नको असते, देतील. सकाळी मी येईन तोवर सगळे गेलेले असतील. ते यायच्या आत मी जाईन. माझी खुंटी मी दिवसा वापरीन."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आम्ही जी पाळी जगलो ती या पोरीनं कधी बघितली नव्हती. बापानं चुलीपाशी बसून सांगितली असेल तेवढीच. मला आनंद झाला, आणि आनंद झाला की मी नियम घालतो. साडेआठच्या आत यायचं नाही. पाचच्या पुढे थांबायचं नाही. चावी कोपऱ्यातल्या राधाबाईंकडे ठेवायची आणि तिथूनच घ्यायची. राधाबाई पूर्वी खानावळ चालवायच्या, त्यांच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी रात्री खोलीत राहायचं नाही. अनुजानं प्रत्येक नियमाला मान हलवली. शेवटच्या नियमाला म्हणाली, "करी रोडला माझी एक मैत्रीण राहते. सुट्टी बुधवारी घेईन, ती रात्र मी तिच्याकडे काढीन."

झालं. सगळ्या मंडळात मी सांगत सुटलो, चिटणिसानं कसा तोडगा काढला.

तोडगा चांगलाच चालला. पाच पुरुषांची ती खोली महिन्याभरात ओळखू येईना. पुष्कर कपडे घडी घालून ठेवायला लागला. निलेशनं मोरीला नवा पडदा लावला. मुलगी रात्रभर जागून येते म्हणून जाताना पंख्याचं बटण चालू ठेवून जायचे मेले, वीजबिलावरून मी ओरडायचो. दुपारी मीरा तिचा डबा दाराशी ठेवून यायची.

पण दिवसा चाळीत झोपणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे, मी दहा वर्षं झोपलोय. भांडीवाला, भंगारवाला, पोरांचं क्रिकेट, कोणाच्या तरी घरी टीव्ही. मार्च लागला आणि खाली मसाल्याचे डंक सुरू झाले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिरच्या कुटायचा दणदणाट आणि अख्खी चाळ शिंकतेय. अनुजा डोळ्यांवर ओढणी बांधून झोपायची. डोळ्यांखाली काळं यायला लागलं, गालाची हाडं दिसायला लागली. विचारलं तर म्हणायची, "ठीक आहे, काका. सवय होईल." मीरानं मला एकदा म्हटलं, "या पोरीचं काहीतरी करा." मी म्हटलं, नियमात बसतंय ते केलंय. तिनं आणखी एकदा म्हटलं. मी वही काढून नियम वाचून दाखवले.

मे महिन्यात डॉक्टरांनी मला साखर तपासायला सांगितली, उपाशीपोटी. मी गुरुवारी सकाळी सहालाच परळच्या त्या हॉस्पिटलात जाऊन बसलो. म्हटलं, रात्री अनुजाची सुट्टी होती, नाहीतर तिनंच सुई टोचली असती. नंबर लागायला वेळ होता म्हणून पेशंटच्या नातेवाइकांसाठी जो हॉल आहे तिकडे डोकावलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा. कोणी डोक्याखाली चप्पल घेऊन जमिनीवर, कोणी खुर्चीतच. शेवटच्या रांगेत भिंतीला डोकं टेकून एक मुलगी झोपली होती. डोळ्यांवर ओढणी बांधलेली. ती ओढणी मी रोज गॅलरीत वाळत घातलेली बघायचो.

मांडीवर सॅक, सॅकचा पट्टा मनगटाला दोन वेढे घालून गुंडाळलेला. पाय खुर्चीखाली ओढून घेतलेले, कोणाच्या वाटेत येऊ नयेत म्हणून.

मी तिला उठवलं नाही. खरं सांगतो, उठवायची हिंमत झाली नाही. रक्त न देताच घरी आलो. जानेवारीपासूनचे बुधवार मोजत आलो आणि लालबागच्या पुलापाशी मोजायचं सोडून दिलं.

मीरा पोळ्या लाटत होती. मी म्हटलं, "ती मैत्रीण वगैरे कोणी नाही."

"माहीत आहे मला," मीरा म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मैत्रिणीच्या घरून आलेली मुलगी सकाळी चुरगळलेल्या कपड्यांत येते का? दात घासायचा ब्रश हातात घेऊन येते का?"

"मग बोलली का नाहीस मला?"

तिनं लाटणं खाली ठेवलं. "दोनदा बोलले. तुम्ही नियम वाचून दाखवलेत. माझं लग्न झालं तेव्हा आपल्या या घरात किती माणसं झोपत होती, आठवतंय का? मामंजी, सासूबाई, तुमचे दोन भाऊ, तुम्ही, मी, नंतर झाला तो मयूर. सात माणसं. आता मयूर बदलापूरला, आणि इथे आपण दोघं. त्या दादरच्या बाईला तुम्ही काय काय बोललात ते घरी येऊन मला मोठ्या तोंडानं सांगितलंत."

मी खाली बसलो. एवढं मोठं घर, दोन माणसं. जिन्यात अनुजा कशाला हसली ते मला तेव्हा, चार महिन्यांनी कळलं. हसणार नाही तर काय करणार होती ती? पाहुणी होती. पाहुण्यानं सांगायचं असतं का यजमानाला, की तुमच्याही घरात जागा आहे म्हणून. माझी मलाच लाज वाटली, आणि ती राग करून घालवता येण्यासारखी नव्हती.

त्याच दुपारी मी अनुजाला म्हटलं, "आजपासून आमच्याकडे राहा." ती म्हणाली, "नको, काका." मी म्हटलं, मी तुला हॉलमध्ये बघितलं. ती खाली बघत म्हणाली, "पाहुणी म्हणून किती दिवस राहणार? आठ दिवसांनी मलाच जड होतं. खुंटी माझ्या बाबांची आहे. तिथे मी कोणाचे उपकार घेत नाही."

बापाचीच मुलगी. मला रागही आला आणि अभिमानही वाटला.

रविवारी मी मंडळाची सभा लावली. अध्यक्ष भांडुपहून आले, बाकीचे पंधरा-वीस जण आले. मी उभा राहिलो आणि आधी माझी चूक सांगितली. पोर म्हणजे मुलगा असं मी धरून चाललो, भिकाजीनं तसं म्हटलं नव्हतं. चूक माझी, आणि फेडतेय ती पोरगी. मग जुनी नियमांची वही उघडली. खुंटी कोणाला द्यायची, तर 'गावचं माणूस' असं लिहिलंय. पुरुष हा शब्द अख्ख्या वहीत नाही. मी चष्मा लावून दोन रात्री शोधला.

अध्यक्ष म्हणाले, "पण खोलीत कसं जमणार, धोंडू?"

"खोलीत नाही जमणार. म्हणून सात नंबरची खुंटी काढून चिटणिसाच्या घरात बसवावी, असा ठराव मांडतो. खुंटी मंडळाची, वर्गणी मंडळाची, जागा चिटणिसाची."

"खुंटी खोलीबाहेर कशी जाईल?"

"गिरणी मुंबईबाहेर गेली ना? खुंटी तर आठ पावलं जायची आहे."

"उद्या सगळ्यांच्या मुली येतील," मागून कोणीतरी म्हणालं.

"आल्या तर आल्या. तुमच्या घरात भिंती नाहीत का?" मी म्हटलं. अध्यक्षांनी वही माझ्यापुढे सरकवली. पुष्कर तेवढ्यात उठून बाईकच्या पेटीतली पक्कड घेऊन आला. म्हणाला, "काका, ठराव लिहून होईपर्यंत मी खुंटी काढतो." ती सहजासहजी येईना. आली तेव्हा मुठीएवढा चुना घेऊन आली आणि भिंतीला भोक पडलं. ते अजून तसंच आहे, आम्ही बुजवलेलं नाही.

संध्याकाळी आमच्या घरात, खिडकीच्या बाजूला, मीरानं दाखवली त्या जागी पुष्करनं ड्रिल मारून खुंटी बसवली. अनुजा ड्यूटीवर निघायची होती. मी तिला आत बोलावलं.

"ही मंडळाची खुंटी आहे," मी जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हटलं. "वर्गणी वेळेवर भरायची. उशीर झाला तर दंड. दिवसपाळी घे, रात्रपाळी घे, मंडळ विचारणार नाही. कधी यायचं, कधी जायचं, तेही विचारणार नाही. इथे तुला कोणी ऊठ म्हणणार नाही."

तिनं खुंटीवर हात ठेवला. वरचा कोपरा झिजून गुळगुळीत झालाय, तिथून अंगठा फिरवला. "बाबा सांगायचे, तिघांचे शर्ट असायचे हिच्यावर," ती म्हणाली. मग सॅक खांद्यावरून काढून तिनं खुंटीला अडकवली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मीरा तिच्याजवळ गेली. मी गॅलरीत येऊन उगाच खाली खेळणाऱ्या पोरांवर ओरडलो.

पुढच्या महिन्यापासून तिला दिवसपाळी मिळाली. लॅबच्या मॅडम म्हणाल्या म्हणे, तू एवढे दिवस परत मागितली का नाहीस.

दिवसपाळीतली तिची पहिली सुट्टी आली ती गुरुवारीच. आदल्या रात्री नऊला जेवून आडवी झाली. सकाळचे सात वाजले, आठ वाजले, नऊ वाजले, मुलगी हलायचं नाव घेईना. ओढणी खुंटीवर होती, डोळ्यांवर नव्हती. मीरानं कुकर लावला नाही. मी दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर घेऊन बसलो. भंगारवाल्याला जिन्यातूनच परत पाठवला. क्रिकेटवाल्यांचा बॉल आला तो खिशात टाकला. साडेदहाच्या सुमाराला अध्यक्ष आले, कसल्याशा कागदावर माझी सही पाहिजे होती. लांबूनच त्यांनी हाक मारली, "काय चिटणीस, आहात काय घरात?"

मी खुर्चीतून उठलो आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला," मी म्हटलं. "आमचं पोर झोपलंय."